संजूची सही

मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही, हे आधीच सांगतो. सगळा जन्म मोजणी खात्यात गेला. साखळी टाकायची, दगड पाहायचा, हद्द दाखवायची... बाकी सगळ्या गप्पा चहाच्या टपरीवर. तेव्हा "काका, तुम्हाला भास झाला असेल" असं कुणी खाली लिहिणार असेल, तर कृपा करून पुढे वाचूच नका.

घर आर्वीचं. एसटी डेपोपासून पायी दहा मिनिटं. दोन खोल्या, पुढे टिनाची पडवी, अंगणात नळ. आई गेल्या वर्षी वारली आणि घर आम्हा तिघा भावंडांचं झालं — मी, बहीण पुष्पा आणि धाकटा संजू. संजू चोविसाव्या वर्षी घरातून गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. मीच हाकललं होतं. कारण सांगत नाही. इतकं क्षुल्लक होतं की लाज वाटते.

पुष्पाला घर विकायचं होतं, गिऱ्हाईकही तयार होतं. मी म्हणत होतो, भाड्यानं देऊ. वकिलांनी सरळ सांगितलं — भाड्याला संजूची सही लागणार नाही, पण विकायचं तर एक तर त्याची सही आणा, नाही तर तो मेला असं कोर्टातून ठरवून घ्या.

"आई वाट पाह्यता पाह्यता गेली दादा," पुष्पा म्हणाली. "आता तूबी तेच करून राह्यला काय? त्याले मोकळं करून टाक. अन् मलेबी."

मी हो म्हटलं. कोर्टाचं होईपर्यंत घर रिकामं नको, म्हणून वंदना नावाच्या नर्सला भाड्यानं दिलं. संजूबद्दल तिला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

प्रेत नसलं की आमच्याकडे पळसाच्या देठांचा माणूस बांधतात. डोक्याच्या जागी नारळ. त्याला रीतसर अग्नी देतात. पुष्पा आणि मी राहतो त्या वर्ध्याजवळ नदीवर, सकाळी अकराच्या सुमारास मी संजूच्या नावानं तो दिला. पुष्पा हमसून हमसून रडत होती. मी बाजूला झालो तोच फोन वाजला.

"काका, वंदना बोलून राह्यली. तुमचे भाऊ आले हायेत ना, संजू नाव सांगतलं. लय भुकेले दिसले, म्हून जेवाले वाढलं."

माझं डोकंच फिरलं! घर विकायला काढलंय हे आर्वीभर झालेलं. हिस्सा मागायला कुणीतरी भामटा आला असणार, दुसरं काय? म्हटलं, द्या त्याला फोन.

"कोन बे तू?" मी ओरडलो. "संजू मेला! आत्ताच जाळला त्याले!"

पलीकडून हळूच आलं —

"बरं दादा."

मी रागावलो की तो असंच म्हणायचा. मान खाली घालून. आवाज तोच होता हो... तोच. फोन बंद झाला. पुष्पानं विचारलं, कोन होतं? मी म्हटलं, राँग नंबर.

तिला घरी सोडून मी तडक आर्वी गाठली. वंदना अंगणातच उभी होती.

"मी भाकर आनाले आत गेलती काका. तिकून आवाज आला, ताई पानी द्या, आंगाची आग होऊन राह्यली. पानी घेऊन आली तं कोनी नाई! अन् फाटकाले आतून कडी तशीच."

पडवीत ताट तसंच होतं. अर्धी भाकर, वांग्याची भाजी, बाजूला तिचा फोन. मी संजूचा घर सोडला त्या वर्षीचा फोटो दाखवला.

"हेच," ती म्हणाली. "इतकेच लहान. मले वाटलंच, काकाचा भाऊ इतका लहान कसा?"

आठवड्याभरात तिनं घर सोडलं. मी डेपोत विचारलं, शेजारीपाजारी विचारलं, कुणीच काही पाहिलेलं नाही. मेला असेल तर जेवायला कोण बसलं होतं? आणि जिवंत असेल, तर... डोकं फुटायची वेळ आली, पण उलगडा नाही.

पुष्पाला हे अजून सांगितलेलं नाही. कोर्टाच्या कागदावर तिची सही झाली आहे, माझी बाकी आहे. एकोणीस वर्षांत संजूची काहीही खबर नाही, असं त्यात शपथेवर लिहिलंय. ती रोज विचारते, दादा, सही केली काय? काय सांगू तिला? तो घरी आला होता, भाकर खात होता, आणि मी त्याला तू मेलास म्हणून सांगितलं.