डोमाचा कठडा

वरठीच्या छोट्या चर्चमध्ये वेदीपुढे सागवानी कठडा होता. रिताबाईंच्या नवऱ्याने, रेल्वेतल्या सुताराने, तो स्वतःच्या हाताने केलेला. बाप्तिस्म्याचं नाव डॉमिनिक, पण वरठीने त्याचा डोमा करून टाकला होता. डोमा जाऊन बरीच वर्षं झाली. दर रविवारी रिताबाई त्या कठड्याशी गुडघे टेकून कम्युनियनची पवित्र भाकर जिभेवर घेत आणि कठडा धरूनच उठत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना दुसरा आधार नव्हता.

त्यांच्या लहानपणी फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, म्हणत. आता फादर समोर बघून मराठीत बोलतात आणि पोरंपोरी गिटारवर गातात. रिताबाईंची त्याला हरकत नव्हती. "लॅटिन ऐकून अंगावर काटा यायचा, मराठी समजते. दोन्ही माहेच," असं त्या म्हणत. गुडघे टेकणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

नवे फादर अनुप आले आणि कठडा काढायचं ठरलं.

"आजी, कठड्यामुळे माणसं वेदीपासून लांब राहतात. आता सगळे रांगेत उभे राहूनच भाकर घेतात. त्यातही आदर आहेच."

"असन न, फादर. लोकायनं उभं राहावं. मी टेकीन."

"आणि उठाल कशा?"

"ते माह्यावर सोडा."

बोलल्या खऱ्या, पण घरी खाटेजवळ टेकून पाहिलं तर हात न लावता उठता येईना. सून हर्षा दारातून बघत होती. हर्षा बौद्ध घरातली. सासूला दर रविवारी स्कूटीवर चर्चला आणायची आणि मिस्सा संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहायची. पुढे कधीच आली नव्हती.

"काहून हट्ट करून राहिल्या, आई? उभ्यानं घ्या न."

"साहेबापुढं उभी राहीन, डॉक्टरपुढं राहीन. त्याच्यापुढं नाही."

पुढच्या रविवारी कठड्याच्या जागी फरशीत नुसती भोकं होती. रांग सरकत गेली. रिताबाईंची पाळी आली तशा त्या सावकाश खाली बसल्या, "आमेन" म्हणाल्या आणि भाकर घेतली. मग सवयीने हात पुढे गेला. तिथे काहीच नव्हतं.

रांग थांबली. गिटारवाल्यांनी तीच ओळ पुन्हा धरली. फादरांनी पवित्र पात्र दोन्ही हातांनी धरलं होतं, त्यांना पटकन हात देता येईना. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हर्षा आली आणि सासूशेजारी दोन्ही गुडघे टेकून बसली.

"माह्या खांद्यावर भार टाका," ती हळूच म्हणाली. "विहारात वंदनेले आम्ही असंच टेकतो. मले उठाची सवय हाय."

दोघी एकदमच उठल्या. फादरांनी पात्र डाव्या हातात घेतलं आणि हर्षाच्या डोक्यावर उजवा हात ठेवून आशीर्वाद दिला. रांग पुन्हा सरकू लागली.

मिस्सा संपल्यावर फादर बाहेर आले. "आजी, तो कठडा बाहेरच्या पायऱ्यांना लावू का? चढताना लोकांना धरायला होईल."

"लावा. डोमाले बरं वाटन."

"आणि आत तुम्हाला?"

रिताबाईंनी स्कूटी वळवणाऱ्या सुनेकडे पाहिलं. "मले हाय न. डोमाचा कठडा गुपचूप राहत होता, हा उलटून बोलते, एवढाच फरक."

"ऐकू येते मले, आई," हर्षा म्हणाली. "बसा आता. भाजी घ्याची हाय."