नाकाशी धरलेलं बोट

मी दारात पोचले तेव्हा नवऱ्याला जमिनीवर घेतलं होतं. पाय दक्षिणेला केले होते. मोठा दीर त्याच्या छातीशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. पायांवर पाणी घालून झालं होतं, फरशी ओली होती. आता तो गळा आणि छाती धुणार होता, कारण तिथे हळद आणि कफ माखला होता. नणंद भिंतीला टेकून रडत होती. शेजारच्या दोन बायकांनी तिला धरलं होतं.

"गेला गो," नणंद म्हणाली. "नाकाशी बोट धरून बघला. वाराच नाय."

मी नाकाकडे बघितलंच नाही. चाळीस वर्षं मी मासळी विकली. मासळीचा जीव कोणी नाकात बघत नाही, कल्ल्यात बघतात. मी गळ्याकडे बघितलं. गळ्याच्या खड्ड्यात हळदीने पिवळा झालेला कापसाचा बोळा होता आणि त्याची एक कड सुटली होती. ती कड आत गेली. बराच वेळ तशीच राहिली. मग बाहेर आली.

दिराने तांब्या तिरका केला.

"भावजी, तांब्या खाली ठेवा," मी म्हणाले.

लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसासमोर मी मान वर करून बोलले नव्हते. त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. तो समजुतीने म्हणाला, "अगं, धुवून घेऊ दे. तुला असा बघवनार नाय."

मी तांब्याला लाथ मारली. पाणी त्याच्या मांडीवर सांडलं. जाणूनबुजून मारली, चुकून लागली नाही.

इथपर्यंत गोष्ट कशी आली ते सांगायला हवं, कारण त्यात माझा वाटा मोठा आहे.

आम्ही दिवाळे गावचे. नवऱ्याची लहान होडी होती, खाडीत जाळं टाकायचा, मी बेलापूरच्या बाजारात विकायची. बिडी त्याला लहानपणापासून. आवाज बसला तेव्हा आम्ही खाडीच्या गार वाऱ्यावर ढकललं. चार महिने तो घोगरा बोलला, मग गिळताना कानात कळ जायला लागली, मग जिना चढताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासला आणि आम्हा दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. कॅन्सर आवाजाच्या पेटीत आहे. पेटी सगळी काढावी लागेल. आवाज जाईल. श्वासाची नळी गळ्याला पुढून जोडून तिथे भोक ठेवणार. त्यानंतर श्वास फक्त तिथून. नाक आणि तोंड यांचा फुप्फुसाशी काही संबंध राहणार नाही.

नवऱ्याने विचारलं, "भोक भरेल कधी?"

"नाही भरणार," ती म्हणाली. "भरलं तर तुम्ही मराल. ते तुमचं नाक आहे आता."

तो हसला. हे त्याचं शेवटचं आवाजातलं हसणं, पण तेव्हा मी नीट लक्ष दिलं नाही, मी कागदावर त्याचा अंगठा कुठे लावायचा ते बघत होते. मला चौथीपर्यंत शाळा आहे, सही येते. त्याला शाळाच नाही.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळी संपलं. नंतर ज्या खोलीत ठेवलं तिथे चार पुरुष होते, चौघांचीही पेटी काढलेली. तशी खोली मी आयुष्यात बघितली नाही. चार माणसं, ओठ हलतायत, हात हलतायत, आणि आवाज काही नाही. एकाला सुई दुखली तर त्याचं तोंड बोंब मारल्यासारखं उघडायचं आणि खोली शांतच. पलीकडच्या खाटेवरचा गिरणीतला म्हातारा दिवसभर रडायचा. डोळ्यांतलं पाणी उशीवर पडायचं, हुंदका गळ्यातून फुस्स करून निघायचा. सगळ्यांची तोंडं मिटलेली आणि तरी खोलीभर श्वासाचा आवाज. तो आवाज हनुवटीच्या खालून यायचा. मला पहिले दोन दिवस कुठे बघून बोलायचं तेच कळेना.

बाकी तिघांना पाट्या दिल्या होत्या, ते लिहायचे. माझ्या नवऱ्याला लिहिता येत नव्हतं. तो चमचा खाटेच्या लोखंडावर वाजवायचा. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे मी. सिस्टर म्हणाली, आजी, तुमचे मालक फार बोलतात.

त्याच सिस्टरने मला सगळं शिकवलं. भोकाजवळ ओला जाळीचा कपडा कसा बांधायचा, खाऱ्या पाण्याचे दोन थेंब टाकून वाळलेला कफ चिमट्याने कसा काढायचा. आंघोळ गळ्याच्या खाली. होडीत पाय ठेवायचा नाही. "याला बुडायला खाडी नको," ती म्हणाली, "तांब्याभर पाणी पुरे." मी मान हलवली. मी एकटीनेच ऐकलं. इस्पितळात आळीपाळीने राहायला घरात दुसरं कोणी नव्हतं. एक मुलगी आहे, ती सासरी द्रोणागिरीला, तिला पहिल्या खेपेचा आठवा महिना चालू होता.

घरी आणला आणि बघायला माणसं यायला लागली. जो येईल तो आधी गळ्याकडे बघायचा, मग छताकडे. आणि प्रत्येक जण विचारायचा, जखम कधी भरेल. मी म्हणायचे, भरेल हळूहळू.

असं का म्हणाले ते मला ठाऊक आहे. हा असाच राहणार, गळ्याने श्वास घेणार, असं सांगितलं असतं तर लोकांनी त्याला माणसातून काढला असता. होडीतला त्याचा भागीदार तर त्याच आठवड्यात दुसरा गडी बघत होता. म्हणून मी जखम म्हणाले. दिरालाही तेच सांगितलं, नणंदेलाही.

खरं सांगायचं तर मलाही तो माणूस नवा होता. चहा गार करायला त्याला फुंकर मारता येईना. समोर सुके बोंबील भाजले तरी वास नाही. दुपारी तो झोपला की मी जुन्या सवयीने त्याच्या नाकाशी हात न्यायची. काही नाही. छाती हलतेय, अंग गरम आहे, आणि नाकाशी मेलेल्या माणसाची शांतता. चादर गळ्याशी वर-खाली व्हायची. मी हात मागे घ्यायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

नणंद नावड्याला दिलेली. ती राहायला आली ती भावाच्या मायेने आली, यात शंका नाही. आल्या दिवशीच म्हणाली, तीन आठवडे झाले तरी जखम उघडी कशी, ही डॉक्टरलोकं हळद लावू देत नाहीत म्हणून भरत नाही. आमच्याकडे कोयत्याने कापलं, काटा घुसला, काहीही झालं तरी गरम तेलात हळद कालवून दाबून बांधतात, आणि भरतंही. मी म्हणाले, हात लावू नको. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं.

चौथ्या दिवशी मी बाजारात गेले. हातात पैसा नव्हता, जाणं भाग होतं. तिने तेल तापवलं, हळद कालवली, कापूस बुडवला. तो नको नको करत होता. पण त्याच्या नकोला आवाज नव्हता. तिला वाटलं, चुरचुरतंय म्हणून नाचतोय. तिने शेजारच्या घरातून दिराला हाक मारली, आणि पोराला औषध लावताना धरतात तसे दिराने धाकट्या भावाचे दोन्ही हात धरले. तिने बोळा खड्ड्यात दाबला आणि वरून पट्टी बांधली. तो पाय झाडत राहिला. दोघं त्याला समजावत राहिली, झालं, झालं, आता भरेल. मग तो शांत झाला. त्यांना वाटलं, आराम पडला.

ओठ काळे पडले तेव्हा ते घाबरले. पट्टी सोडली, पण बोळा काढला नाही, जखम उघडी पडेल म्हणून. नाकाशी बोट धरलं. दिराने धरलं, नणंदेने धरलं, शेजारणीने कापूस धरला. तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घातलं. ते पाणी नुसतं पोटात गेलं. मग मला बोलवायला माणूस पाठवला. तो बाजारात माझ्यासमोर उभा राहून फक्त म्हणाला, "काकी, घरी चल." मी समोरच्या सोसायटीवाल्या बाईची पापलेटं तशीच फळीवर टाकली आणि आले.

लाथ मारल्यावर मी गुडघ्यावर बसले आणि बोळा ओढून काढला. आत कफाची खपली बसली होती, हळदीने पिवळी, सुपारीएवढी. चिमटा भिंतीतल्या फळीवर होता, तो कोणी देईना, सगळे माझ्याकडे वेडीकडे बघतात तसे बघत होते. मीच उठून घेतला. खपली निघाली तेव्हा आतून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही. ओल्या वाळूतून होडी ओढताना येतो, त्याच्या जवळचा होता. मग तो खोकला. खोकल्याबरोबर पिवळं पाणी माझ्या तोंडावर उडालं.

रडणं एकदम थांबलं. एक शेजारीण उठून निघून गेली, चप्पल न घालता. तिने पुढे वर्षभर आमच्या दारात पाय ठेवला नाही. दीर हात जोडून बसला होता. कुणाला जोडले होते ते मी विचारलं नाही.

नवऱ्याने डोळे उघडले. आधी दिराकडे बघितलं, मग बहिणीकडे. ओठ हलले. त्याचे ओठ वाचायची सवय मला तोवर झाली होती. तो म्हणाला, ऐकत होतो.

काय ऐकलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी नंतर विचारलं. लाकडं कुठून आणायची, मुलीला लगेच कळवायचं की बाळंतपण होऊ द्यायचं, सगळं त्याने ऐकलं होतं. पायावर पडलेलं पाणी गार होतं, तेही कळलं होतं. बोट हलवावं म्हटलं तर हलेना.

तेल आत उतरलं आणि छाती धरली. पुन्हा इस्पितळ, पुन्हा आठ दिवस. डॉक्टरीणबाईने मला बाहेर घेऊन विचारलं, घरच्यांना सांगितलं नव्हतं का. मी म्हणाले, नाही. ती चिडली नाही. म्हणाली, आता मी सांगते, सगळ्यांना बोलवा. दीर आला, नणंद आली, भागीदारही आला. तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि प्रत्येकाला त्याच्या गळ्यासमोर हात धरायला लावला. दिराने धरला आणि झटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा. नणंदेने धरला तो बराच वेळ धरून ठेवला.

नंतर दीड महिना लाईट घेतली, म्हणजे कॅन्सर जाळायचे किरण. मग दुसऱ्या वर्षी त्याला गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं. त्यातून आवाज येतो तो एकसुरी, राग नाही, माया नाही. 'जेवायला वाढ' आणि 'मी मरणार होतो' दोन्ही सारखंच. पहिल्यांदा घरात बोलला तेव्हा मुलीचं लेकरू किंचाळून माझ्या पदरात शिरलं. आता त्याच लेकराला तो आवाज आजोबांचा वाटतो. होडी विकली. तो धक्क्यावर बसून जाळी विणतो, पाण्यापासून चार हात लांब.

भोकाची तपासणी अजून चालू आहे, सहा महिन्यांनी जातो. गेल्या खेपेला मी सिस्टरला त्या खोलीतल्या बाकी तिघांचं विचारलं. गिरणीतला म्हातारा वर्षाच्या आत गेला, आजार फुप्फुसात उतरला होता. एकाने लाईट अर्धी सोडली, तोही गेला. तिसरा गावी गेला आणि तिथेच वारला, कशाने ते तिला माहीत नाही. दीर परवाच्या पावसाळ्यात हृदयाने गेला. नणंद आहे, गुडघे दुखतात तिचे.

माझा नवरा जिवंत आहे. यंदा सहा वर्षं झाली.