शाबूत बांगड्या

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, वस्त्या जळल्या, आणि त्यानंतरची काही वर्षं मी परभणीत पत्रकं लिहीत होते. पत्रकात मी न्यायाधीशांना दर आठवड्याला धारेवर धरायचे. कोर्टाची पायरी मात्र या खटल्यातच पहिल्यांदा चढले.

बाई झरीकडची, मजुरी करणारी. ज्याच्या रानात ती कापूस वेचायला जायची, त्या मालकाच्या भावानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. तो म्हणत होता, ती राजीखुशीनं आली. दोघांतलं कुणाचं खरं मानायचं, एवढंच जज्जसाहेबांना ठरवायचं होतं. तेव्हा असे खटले उघड्या दालनात चालत. तिच्या साक्षीला बाकं भरलेली. दारात उभं राहून कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतं.

आरोपीचा वकील आवाज चढवत नसे. त्याचाच जास्त संताप यायचा.

"बाई, ओरडलात?"

"तोंड दाबलं व्हतं."

"झटापट केलीत?"

"केली की."

"डॉक्टरांनी लिहिलंय, दोन्ही हातांत बांगड्या शाबूत. एवढी झटापट झाली आणि एक काच तडकली नाही?"

मागं कुणीतरी हसलं.

"फुटल्या व्हत्या. दवाखान्यात पाह्यल्या त्या नव्या."

"हे पोलिसांना सांगितलं होतं?"

"त्यांनी इचारलंच न्हाई."

"म्हणजे आज सुचलं." वकील जज्जसाहेबांकडं बघून खाली बसला.

माझ्या शेजारी बसलेली तिची सासू ताडकन उठली. "आवं सायेब, म्याच भरल्या! लेक जित्ता हाय माझा. भुंड्या हातानं सुनंला गावातून न्हेऊ व्हय?"

पट्टेवाल्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

खरं तेच होतं. सून रडत घरी आली तेव्हा सासूनं आधी शेजारणीकडून बांगड्या आणल्या, तिचे हात भरले, मग ठाणं गाठलं. नवरा जिवंत असलेल्या बाईनं मोकळ्या मनगटानं उंबरा ओलांडायचा नाही. इतक्या आकांतातही सासू हे विसरली नाही. फुटलेली काच रानात होती. पण पोलीस पंचनाम्याला पोचेपर्यंत मालकानं तिथं पाणी सोडलं होतं.

मी सरकारी वकिलांना चहाच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, सासूची साक्ष घ्या.

"ताई, सासू घरचीच. ती सुनेचंच बोलणार. पत्रकात चालतं ते, पुराव्यात नाही."

"आरोपीचा भाऊ साक्ष देणार म्हणे. तो काय परका?"

"तुम्ही वकिलीलाच या," ते हसले आणि बशीत चहा ओतला.

सासूची साक्ष झालीच नाही. आरोपी सुटला. संमती नव्हती हे निःसंशय सिद्ध झालं नाही, असं निकालात होतं. तिनं नाही म्हटल्याचा पुरावा द्यायचा. तिनं हो म्हटल्याचा पुरावा त्याच्याकडं कुणी मागितलाच नाही. हे वाक्य मी तेव्हाच मनात पत्रकासाठी जुळवलं.

एसटी स्टँडवर सासू सारखी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होती. "म्याच घालवलं. तशीच न्हेली असती तर..."

मीही पुढच्या पत्रकात तेच लिहायचं ठरवत होते. बायांनो, आधी ठाण्यात जा, बांगड्या मागून भरा.

सून बोलली. "आत्याबाई, उगी ऱ्हावा. भुंड्या हातानं गेले असते तर म्हनले असते, घरीच फोडून आली."

झरीची गाडी लागली. दोघी चढल्या. मी ते पत्रक लिहिलं नाही.