चॉकलेटची गाठ

मंगळवारी माझी सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "चॉकलेट सिस्ट आहे. ऑपरेशन करावं लागेल. अंडाशय राहील की नाही, ते पोट उघडल्यावर कळेल."

घरी येताच सासूबाईंनी फ्रिजमधली सगळी चॉकलेटं कामवाल्या बाईंना देऊन टाकली. माधव नगरच्या दुकानांत तेव्हा रोज नवं चॉकलेट यायचं. सासूबाईंच्या मते गाठ तिथूनच आली. त्यांना हसायची हिंमत अख्ख्या उज्जैनमध्ये एकाच बाईत होती: माझ्या नवऱ्याच्या आत्येत. "वहिनी, आत जुनं रक्त साठून चॉकलेटसारखं दिसतं, म्हणून ते नाव! उद्या कुणाला मुतखडा झाला तर पाटा-वरवंटा फेकाल!"

आत्याबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पण पर्समधला खडू निवृत्त झाला नव्हता. एका लग्नात त्यांनी जेवणाच्या टेबलावर आतडं काढून दाखवलं, तेव्हा समोरच्या व्याह्यांनी जिलबी परत केली होती. भेंडीसुद्धा त्या बेडूक चिरायच्या कात्रीने कापत.

मला मात्र हसू येत नव्हतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. "आत्याबाई, माझ्याच शरीराची भीती वाटते," मी म्हटलं.

त्यांनी सोनोग्राफीचं खाकी पाकीट ओढलं आणि त्यावर खडूने मिशीवाले गोळे काढले. "हे रक्तातले पहारेकरी. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्या जागी रुजल्या, की त्यांना खाऊन टाकायचं यांचं काम. पण आपल्या गेटवरचा चौकीदार आठव. गाय हाकलायला ठेवला, तर तिलाच पोळ्या घालायला लागला. विचारलं तर म्हणे, 'भूखी थी, माताजी!' तुझे पहारेकरी तसेच. गाठीला हाकलायचं सोडून पोसतायत. बावळट आहेत गं, वैरी नाहीत."

माझी भीती गेली नाही. तिला फक्त मिश्या आल्या.

ऑपरेशनच्या दिवशी त्या दारापर्यंत माझा हात धरून आल्या. "तरुणपणी मलाही हेच असणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी त्यांना हळू बोलताना प्रथमच ऐकलं. "पोट धरून बसायची. आमच्या वेळी त्याला नखरे म्हणायचे."

गाठ काढली. अर्धं अंडाशय वाचलं. मूल झालं नाही. पुढे आत्याबाई गेल्या.

दुखणं अधूनमधून परत येतं. सोनोग्राफीला जाताना मी तेच पाकीट नेते. खडू बराचसा पुसला गेला आहे. दोन मिश्या उरल्या आहेत.