गिटारची तहान

गिटारला तहान लागते, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर मी तुळशीला, गॅलरीतल्या कबुतरांना आणि दर उन्हाळ्यात आमच्या ह्यांना पाणी दिलं होतं. वाद्याला कधी दिलं नव्हतं.

झालं असं, की मुलाने आणि सुनेने, म्हणजे केतकीने, रावेतला फ्लॅट घेतला. तिथे फर्निचरचं काम चालू, घरभर भुसा. म्हणून केतकी एक भलीमोठी काळी पेटी घेऊन आमच्या रहाटणीच्या घरी आली.

"आई, ही बाबांची गिटार. वास्तुशांतीला ते वाजवणार आहेत. महिनाभर ठेवाल?"

"अगं, विचारतेस काय! पोटच्या पोरासारखी सांभाळीन."

"तसं नको," केतकी घाईघाईने म्हणाली. (तिने माझ्या पोटच्या पोराशीच लग्न केलंय. मी त्याला कसं सांभाळलं, ते ती रोज भोगते.) "नुसती ठेवा."

आता व्याह्यांची वस्तू सांभाळायची म्हणजे काय, ते मुलांच्या आयांनाच विचारा! आमचे व्याही सज्जन, मोजकं बोलणारे. कॉलेजात असताना शिकवण्या करून त्यांनी ही गिटार घेतली, आणि पुढे दर बदलीला एसटीत मांडीवर घेऊन नेली. हिला ओरखडा जरी उठला असता, तरी ते काही बोलले नसते. नुसतं "असू दे" म्हणाले असते. आणि तो "असू दे" मला मरेपर्यंत ऐकू आला असता!

आमचे हे आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाले, पण इन्स्पेक्शन काही रिटायर झालं नाही. त्यांनी पेटी उघडली, गिटार चारी बाजूंनी पाहिली, तारांची उंची मोजली, आणि पेटीच्या कडीला एक पिवळी चिठ्ठी बांधली : 'माल तपासला. ओके.'

"अहो, पाहुण्यांच्या गिटारला चिठ्ठ्या कसल्या बांधताय?"

"उद्या काही झालं तर? येताना बरी होती, याला पुरावा नको?"

लोखंड ह्यांना कळतं, लाकूड कुणाला कळतं? मी फोनवर विचारायला गेले आणि शोधता शोधता एका ग्रुपमध्ये जाऊन पडले. नाव 'लाकूड आणि तारा'. सगळे अकूस्टिक गिटारचे वेडे. विजेच्या गिटारचं नाव काढलं तरी नाक मुरडणारे. मी आपला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ही कशी सांभाळावी?"

तासाभरात ही रांग लागली उत्तरांची!

"काकू, टॉप सॉलिड आहे का लॅमिनेट?"

"माहीत नाही. व्याह्यांची आहे."

"मग सॉलिडच असणार, काकू!"

पोरं मोठी गोड. त्यांनी मला काय काय शिकवलं! पुढची फळी एकसंध लाकडाची, म्हणजे सॉलिड, असेल तर ती जिवंत असते, हवेतला ओलावा पिते आणि सोडते; पातळ थर चिकटवून केलेली ती लॅमिनेट. आत पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांनी फळी तोलून धरलेली असते. आठ दिवसांत मी अशी तयार झाले, की भाजीवालीच्या लाकडी फळीवर टिचकी मारून "लॅमिनेट!" म्हणून मोकळी झाले. शेजारच्या कुलकर्णीबाईंच्या डायनिंग टेबलाला कान लावला. (त्या अजून बोलत नाहीत.)

मग एप्रिल तापला आणि ग्रुपवर कुणीतरी तडकलेल्या गिटारचा फोटो टाकला. मधोमध उभी चीर, टाचेला पडते तशी! खाली सगळे हळहळत होते. मी घाबरून लिहिलं, "आमच्याकडे तर दिवसभर एसी असतो."

"बाप रे, काकू!" तिघांनी एकदम लिहिलं. "एसीने हवा कोरडी होते. गिटारला ओलावा द्या!"

ओलावा कसा द्यायचा, ते चाकणच्या दत्ताभाऊंनी समजावलं. ते तिथे प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर, आणि सुट्टीच्या दिवशी गिटार दुरुस्त करतात. त्यांनी लिहिलं, "ओला स्पंज पिळून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून गिटारच्या पोटात सोडायचा, तारांना लटकवून. पाणी टिपकायला नको. पूर्वीचे लोक पेटीत बटाट्याची फोड ठेवायचे, तेबी चालतं."

बटाट्याची फोड! इथेच माझी बुद्धी धावली. (ती धावली की मी तिच्या मागे धावते, पुढे कधीच नसते.) भाजी चालते म्हणजे कडधान्य चालणारच. स्पंज वाळला की वाळला. पण ओली मटकी फडक्यात बांधली तर दोन दिवस दमट राहते, मोड यायला तिला अशीच अंधारी, कोंदट जागा लागते, आणि वर उसळ होते! गिटारची तहान भागेल आणि रविवारचा नाश्ताही. एवढी साधी गोष्ट त्या शिकल्यासवरल्या पोरांना कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं.

बुधवारी एक वाटी मटकी भिजवली, रात्रभर ठेवून सकाळी निथळली. मलमलचं फडकं तारांमधून गिटारच्या पोटात सोडलं, तोंड बाहेर धरलं आणि चमच्याचमच्याने मटकी आत भरली. तोंडाला दोरा, दोरा तारांना. पेटी बंद! इतक्यात केतकीचा फोन, "आई, रावेतला येता का? पूजेची तयारी व्हायचीय." मी जी गेले, ती दोन रात्री तिथेच. नारळ, सुपाऱ्या, आंब्याचे डहाळे यांत मटकी पार डोक्यातून गेली!

शनिवारी दुपारी घरी आले. पायातली चप्पल काढतेय तोच आठवण झाली आणि पेटी उघडली. उघडल्याबरोबर असा वास आला, की हे आतून ओरडले, "उसळ टाकलीस का?"

मटकी माजली होती! आत जाताना सडपातळ असलेली पुरचुंडी आता नववा महिना लागल्यासारखी फुगली होती आणि तारांमधून बाहेर यायचं नाव घेत नव्हती. मी जरा ओढलं. मग जरा जास्त ओढलं. टर्रकन फडकं फाटलं आणि सगळी मटकी गिटारच्या पोटात!

"अहो, तुम्ही घरातच होतात ना? एकदा उघडून बघायचं तरी!"

"ओके लागलेला माल पुन्हा उघडत नाहीत," हे म्हणाले.

आम्ही गिटार उलटी धरून हलवली. दोन मोड पडले. बाकीच्यांनी आत संसार थाटला होता. त्यातच केतकीचा फोन. "आई, बाबा उद्याऐवजी आजच येतायत. संध्याकाळी आधी तुमच्याकडे उतरतील. गिटार बघायचीय म्हणे त्यांना."

मी तो फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, "तातडीचं. गिटारच्या पोटात मटकी सांडली आहे."

बऱ्याच वेळाने एकाने विचारलं, "काकू, मोड आलेत?"

"हो. छान आलेत."

मग जे सुटले! "पाव पाठवू का?" "फरसाण माझ्याकडून!" मी इकडे रडकुंडीला आलेली. शेवटी दत्ताभाऊंचा फोन आला. "काकू, रडू नका. कशाला हात लावू नका, काकांनाबी लावू देऊ नका. पहिली शिफ्ट सुटली हाय, निघालोच."

तासाभरात गडी दारात. तारा सैल केल्या, काढल्या, आणि वर्तमानपत्रावर गिटार आडवी घेऊन आत हात घातला. हे वाटी घेऊन शेजारी बसले.

"किती भिजवली होतीस?"

"एक वाटी."

"मोड आल्यावर तीन व्हायला हव्यात. पावणेतीनच भरलीय. पाव वाटी आत आहे."

दत्ताभाऊंनी वर पाहिलं. "काका, इन्स्पेक्शनला होता का?"

"तेहतीस वर्षं!"

"तरीच." त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आत घातला, आणि खरोखरच एका पट्टीमागे पाव वाटी दडून बसलेली!

एवढ्यात बेल वाजली. दारात व्याही. समोर त्यांची गिटार, तारा लोंबताहेत, एक परका माणूस कोपरापर्यंत तिच्या पोटात, आणि आमचे हे मटकीची वाटी धरून बसलेले.

"हे काय चाललंय?" व्याही म्हणाले.

"इन्स्पेक्शन," हे म्हणाले.

माझ्याने राहवेना. मी पाणीसुद्धा न विचारता सगळं एका दमात सांगून टाकलं. एसी, चीर, बटाटा, उसळ, सगळं. व्याही खाली बसले. गिटारवरून हात फिरवत म्हणाले, "केतकीला हिच्या सुरांवर झोपवायचो मी. दुसऱ्या कशाने झोपायचीच नाही." बास, एवढंच! त्यापेक्षा "असू दे" परवडला असता.

"व्याहीबुवा, मला माफ करा. चांगलं करायला गेले हो."

दत्ताभाऊंनी आतल्या एकेका पट्टीवर टिचकी मारली आणि कान लावला. "सरस धरून हाय. फळी ओलसर झालीय, पण बसका आवाज न्हाई. पंख्याखाली ठेवा, सकाळी तारा चढवू. अजून दोन दिवस ऱ्हायली असती तर मात्र कठीण होतं."

व्याह्यांनी खांदे सोडले. मग हळूच म्हणाले, "विहीणबाई, तो ग्रुप दाखवता?" मी फोन दिला. ते पहिल्यापासून वाचायला लागले. 'माहीत नाही, व्याह्यांची आहे' इथे ओठ हलले. 'छान आलेत' इथे चष्मा काढला. फरसाणापर्यंत पोचले तेव्हा तो मोजकं बोलणारा माणूस आमच्या सोफ्यावर आडवा होऊन हसत होता आणि हे त्यांची पाठ चोळत होते!

रविवारी रावेतला पूजा झाल्यावर व्याही वाजवायला बसले. मी दारामागे उभी, पदराचं टोक दातात. पहिली तार छेडली, दुसरी, मग सगळ्या. आवाज असा खणखणीत आणि गोड, की गुरुजी दक्षिणा घ्यायची थांबले. केतकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, बाबांनी सांगितलं मला सगळं." मी तिच्याकडे बघायचं टाळलं. "पुढच्या वेळी," ती म्हणाली, "नुसती ठेवा."

व्याहीही आता ग्रुपमध्ये आहेत. चाळीस वर्षं गिटार वाजवणारा माणूस, पण तिथे त्यांची ओळख एकच : 'मटकीकाकूंचे व्याही'. आणि ग्रुपच्या नियमांत सगळ्यात वर एक नवा नियम लागलाय : 'वाद्यात कडधान्य भिजवू नये. कारण विचारल्यास काकूंची पोस्ट वाचावी.' मला अजून एक सूर काढता येत नाही. शिकायला म्हणून गेले होते. आता नव्या माणसांना पहिल्याच दिवशी, पहिला धडा म्हणून, मलाच शिकवतात!