मेधाताईंची ब्रांच

शनिवारी ऑफिसात मी एकटीच होते. "वापरात नसलेल्या जुन्या ब्रांच काढून टाक," असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे प्रोग्राममधला प्रत्येक बदल, करणाऱ्याच्या नावासकट नोंदलेला असतो. नवं काही करून बघायचं तर मुख्य प्रोग्रामला वेगळी फांदी काढतात, तीच ब्रांच. काम जमलं की ती खोडात मिसळते. काही मात्र अर्धवटच राहतात.

त्यांतली एक मेधाताईंची निघाली. सहा वर्षं त्या माझ्या शेजारी बसल्या आणि दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेल्या.

मी जुन्या नोंदी वाचत मागे मागे गेले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या चुकीमुळे ग्राहकाचं काम दिवसभर बंद पडलं होतं. आता नोकरी जाणार म्हणून मी जिन्यात रडत बसले होते. पण मला कोणीच काही बोललं नाही. त्या दिवसाच्या दुरुस्तीखाली ताईंनी लिहिलं होतं, "चूक माझी. तिला मी नीट समजावलं नव्हतं."

त्यांनी समजावलं होतं. दोनदा, कागदावर काढून.

त्यानंतर इतकी वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला, आणि त्या याबद्दल कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. आपल्या पाठीशी कोण उभं होतं, हे आपल्याला फार उशिरा कळतं. मग ते कोणाला सांगावं, हेही कळत नाही.

साहेबांचा फोन आला. "झाल्या सगळ्या?"

"एक राहू दे, सर."

"चालू आहे का ती?"

"नाही."

ते "बरं" म्हणाले. मग मी त्या ब्रांचमध्ये एक नोंद केली. तिच्यात बदल काहीच नव्हता. फक्त लिहिलं, "ताई, आज वाचलं."