हात वर केला की दिवा लागतो

१२ नोव्हेंबर २००८. बाबा गेल्यामुळे आज संध्याकाळी नामपूरचे मामा-मामी भेटायला आले. सगळे मान खाली घालून गप्प बसलो आणि दिवा बंद झाला.

मामी दचकल्या. "लोडशेडिंग आठे बी शे का?"

"नाही मामी, इथे लोडशेडिंग नाही, सेन्सर आहे. कोणी हललं नाही की दिवा बंद होतो. बाबांनीच बसवला. म्हणायचे, आता घरोघरी हेच येणार."

मग मामा अधूनमधून हात वर करू लागले, मामी पदर हलवू लागल्या. शेवटी सगळेच हसलो.

निघताना मामा म्हणाले, "दाजी गेले, पण बिलावर लक्ष आहे त्यांचं! काढून टाक हा. धड रडूही देत नाही."

मित्रांनो, तुम्ही काढला असता का?

ते गेल्यावर मी एकटाच विचार करत बसलो. पुन्हा अंधार झाला. मी हात वर केला.